आत्याच्या वाट्याचं म्युझिक

आमच्या कारखान्याचा वर्धापनदिन दर वर्षी होतो आणि मी दर वर्षी मागच्या रांगेत बसते. भाषणं होतात, बक्षिसं होतात, जेवण होतं, मी घरी येते. या वर्षी एचआर मॅडम माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "निवेदन तू करायचं."

मी सातपूरला डिझाइन विभागात आहे. दिवसभर स्क्रीनवर सुट्या भागांच्या आकृत्या काढायच्या. फारसं कुणाशी बोलावं लागत नाही, आणि मला या नोकरीतलं तेच सगळ्यात आवडतं.

"मला नाही जमणार, मॅडम."

"का नाही? कॉन्व्हेंटची ना तू? आवाज छान आहे तुझा. फोनवर व्हेंडरशी बोलतेस ते ऐकलंय मी."

कारखाना सत्तरच्या दशकात सुरू झाला, म्हणून या वर्षी कार्यक्रम त्याच दशकातल्या हिट गाण्यांचा ठेवला होता. गाणारे आपल्यातलेच, संगीत कराओकेवर. प्रत्येक गाण्याआधी मी त्या गाण्याची पार्श्वभूमी सांगायची. "दोन-तीन ओळी फक्त," मॅडम म्हणाल्या, "चाल कशी सुचली, रेकॉर्डिंगला काय गंमत झाली, असं काहीतरी. नेटवर सगळं मिळतं."

नेटवर खरंच सगळं मिळत होतं, फक्त ते सगळं एकसारखं होतं. प्रत्येक हिट गाणं आधी कुणीतरी नाकारलेलं असतं. प्रत्येक चाल संगीतकाराला गाडीत नाहीतर जेवताना सुचलेली असते. गायकाला त्या दिवशी हमखास ताप असतो. एकाच गाण्याची चाल एका ठिकाणी लिफ्टमध्ये सुचली होती, दुसऱ्या ठिकाणी समुद्रावर. मी ती लिफ्टमध्येच ठेवली. मला माझी टिपणं रोमन लिपीत लिहावी लागतात, मराठी वाचताना मी अडखळते. घरात कुणी नसताना मी आरशासमोर उभी राहून लिफ्टचा किस्सा म्हणून बघायचे, आणि आरशात माझ्या गळ्यावर लाल चट्टे उठलेले दिसायचे.

पण खरी भीती वेगळीच होती. गाण्यांच्या यादीत शेवटून दुसरं गाणं आमच्या विभागाच्या प्रमुखांचं, सरांचं होतं. त्यांनी निवडलेलं गाणं कव्वालीच्या वळणाचं, टाळ्यांच्या ठेक्यावरचं. ते सगळ्यांना येतं. मलाही येतं. पण मला त्याचे सिनेमातले शब्द येत नाहीत. मला येतात ते शब्द आत्याचे आहेत.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. ती तरुणपणी नांदगावकडच्या एका गायन पार्टीत होती. ही पार्टी भीमगीतं गायची, आणि त्यातली बरीच गाणी सिनेमातल्या हिट चालींवर बांधलेली असायची. मी लहान असताना आई-पप्पा कामावर गेले की मी आत्याकडे असायचे, आणि भाकरी थापताना आत्या गायची. मी ऐकलेलं पहिलं गाणं तेच. त्याच चालीचं दुसरं काही गाणं जगात असेल असं मला वाटण्याचं कारण नव्हतं.

ते कळलं पाचवीत, शाळेच्या सहलीच्या बसमध्ये. अंताक्षरी चालली होती. मी कधीच भाग घ्यायचे नाही. पण मागच्या बाकावरून कुणीतरी ती चाल सुरू केली आणि मला इतका आनंद झाला, की मी उभी राहून पुढचं सगळं आमच्या शब्दांत म्हणून टाकलं. वर म्हणाले, "हे माझ्या आत्याचं गाणं आहे. पिक्चरवाल्यांनी चोरलंय."

बस हसली. मग एक मुलगी म्हणाली, "ए, हे तर एप्रिलमध्ये त्या लोकांच्या मिरवणुकीत लावतात." तेव्हा हसणं थांबलं, आणि ते थांबलेलं हसणं मला जास्त लक्षात राहिलं. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच बघितल्यासारखी. टीचर म्हणाल्या, "चिल्ड्रन, नेक्स्ट लेटर!"

त्यानंतर मी लोकांसमोर कुठलंच गाणं शब्दांसकट म्हटलं नाही. गुणगुणते फक्त. माझं आडनाव असं आहे की त्यावरून नक्की काही कळत नाही. मग लोक आधी गाव विचारतात. गावावरूनही कळलं नाही तर कुलदैवत विचारतात. आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसते ती मुलगी चांगली आहे, माझ्यासाठी डब्यात जास्तीची चटणी आणते, तिनेही एकदा विचारलं होतं. "आमच्याकडे फारसं करत नाहीत," मी म्हणाले होते. हे वाक्य आईचं आहे. मी ते इतक्या सफाईने म्हणते की पुढचा प्रश्न येत नाही.

त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तालीम व्हायची तेव्हा मी तोंडात पाण्याची बाटली धरून बसायचे. सर म्हणायचे, "अरे, कोरस द्या की सगळ्यांनी! निवेदिका, तू पण!" मी बाटलीकडे बोट दाखवायचे. सर चाल सुरू करायचे आणि माझ्या घशाशी पहिली ओळ येऊन उभी राहायची, आमची. त्या ओळीत पहिल्याच ठिकाणी ते नाव आहे. ते एकदा तोंडातून गेलं की मग कुलदैवत विचारायची कुणाला गरज नाही.

तरीही हे निभावलं असतं. माईकवर लिफ्टचा किस्सा सांगून बाजूला उभं राहायचं, बस. पण पप्पांनी घोळ केला. कार्यक्रमाला घरच्यांना बोलावलं होतं, आणि पप्पांनी मला न विचारता आत्याला सांगून टाकलं. वर कुठली कुठली गाणी आहेत तेही सांगितलं.

"ती म्हणाली, माझं गाणं हाय का? मग येणारच," पप्पा हसत म्हणाले.

मी त्या रविवारी आत्याकडे गेले. ती नाशिकरोडला राहते, आम्ही आधी राहायचो त्याच चाळीत. जाताना बसमध्ये मी काय बोलायचं ते इंग्रजीत ठरवत होते. हॉल लांब आहे. खुर्च्या कडक आहेत. कार्यक्रम फार वेळ चालतो. यातलं काहीच खोटं नव्हतं.

आत्या शेंगा सोलत बसली होती. "ये गं बाय. भाऊ सांगत होता, लय मोठा कार्यक्रम तुझा. माईकवर बोलणार म्हणे. तोंडातून आवाज निघंल का?"

"बघू."

"काय बोलायचं असतं?"

"गाण्याची पार्श्वभूमी. म्हणजे गाणं कसं झालं ते."

"आमचं कसं झालं ते सांगितलंय का मी तुला?"

तिनं ते मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. मी शेंगा पुढ्यात ओढल्या.

आत्या म्हणाली की त्यांच्या पार्टीचे मास्तर, म्हणजे गाणी लिहिणारे आणि पेटी वाजवणारे, मनमाडला नवा सिनेमा लागला की सगळ्यांना घेऊन जायचे. रेडिओ गावात एकच होता, आणि तो ज्याच्या घरी होता त्याच्या ओट्यावर यांना बसता येत नसे. म्हणून चाल पडद्यावरून उचलून आणायची. एकट्याला सगळं गाणं एका खेळात लक्षात राहत नाही, म्हणून मास्तरांनी ते वाटून दिलं होतं. धृपद एकानं धरायचं. अंतरा दुसऱ्यानं. ठेका ढोलकीवाल्यानं. आणि अंतऱ्याच्या मधलं म्युझिक आत्यानं.

"मलाच का, तर मी सगळ्यात बारकी. मास्तर म्हणले, हिला हिंदी येत नाय, हिच्या डोक्यात शब्द घुसायचे नायत. शब्द ऐकायचेच नायत म्हणले. ते शब्द एकदा बसले की आपले शब्द उभे राहायला जागा मागत बसतात. डोळे मिटून ऐक."

"मग सिनेमा?"

"मी कुठला बघितला! डोळे मिटूनच बसले. हिरो कोण होता ते पण ठाव नाय मला. बाजूची बाई म्हणली, पोरगी झोपाय आलीय का हितं."

परत येताना कुणी कुणाशी बोलायचं नाही असा नियम होता. प्रत्येकजण आपापला तुकडा मनात धरून चालायचा. बोललं की सांडेल, असं मास्तर म्हणायचे. आत्या हे सांगताना हाताची ओंजळ करून दाखवत होती. गावात आल्यावर वस्तीतल्या, तेव्हा नव्या बांधलेल्या बुद्धविहाराबाहेर सगळ्यांनी आपापले तुकडे ओतायचे आणि मास्तर पेटीवर ते जोडायचे. त्याच बैठकीत वर आपले शब्द चढायचे.

"आणि दोन टाळ्या जास्तीच्या. ओळ संपली की दोन टाळ्या. त्या पिक्चरात नायत. ढोलकीवाला इसरला होता किती टाळ्या व्हत्या, मास्तर म्हणले असू दे, दोन आपल्या."

मग ती पार्टी ते गाणं घेऊन सिन्नरपासून पेठच्या डोंगरापर्यंत फिरली. सिनेमा मात्र त्या गावांत जत्रेतल्या तंबूत यायचा, आणि तो यायला पुष्कळ उशीर व्हायचा. तोवर गाणं सगळ्यांच्या तोंडी होतं.

"मग काय झालं माहितीय? तंबूत पिक्चर लागलं. हिरो उठला आन लागला गायला. तर आपली सगळी माणसं वरडाय लागली, आरं हे तर आपलं गाणं! ह्यानं कुठून चोरलं? आन सगळ्यांनी मिळून आपले शब्द म्हणले की. त्या हिरोचा आवाजच कुणाला ऐकाय आला नाय. तंबूवाला येऊन शिव्या देऊन गेला."

ती इतकी हसली की शेंगांची टरफलं मांडीवरून सांडली. मीही हसले. सहलीची बस मला आठवली, पण या वेळी हसू थांबलं नाही. मी जे बसमध्ये म्हणाले होते, ते आख्ख्या गावांनी म्हटलं होतं.

तरीसुद्धा मी जे बोलायला आले होते ते बोलले. खुर्च्या कडक आहेत, आत्या. फार वेळ बसावं लागेल. तुझी कंबर.

आत्या शेंगा सोलत राहिली. तिनं मला लहानपणापासून पाहिलंय. मी अंगणात खेळताना कोणती मैत्रीण आली की दाराआड जायचे, तेही पाहिलंय.

"मी तोंड उघडायची नाय," ती म्हणाली. "गुमान बसंन. बास?"

मी "तसं नाही गं" म्हणाले. पण माझा आवाज व्हेंडरशी बोलतानासारखा आला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला होता. पुढे मोठे साहेब आणि त्यांच्या घरचे, मग ऑफिसची माणसं, आणि मागे शॉपफ्लोअरची, एक पाळी आटपून आलेली. आत्या तिसऱ्या रांगेत पप्पांशेजारी होती. तिनं ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची. तो काठ मला स्टेजवरून दिसला आणि मी पहिल्या गाण्याचा गायक चुकीचा सांगितला. कुणाच्या लक्षात आलं नाही. ताप आलेले गायक आणि नाकारलेल्या चाली सगळ्यांना आवडत होत्या. लोक हसत होते, माझ्या हातातला कागद ओला होत होता, आणि मी प्रत्येक गाण्यानंतर आत्याकडे बघत होते. ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

सरांची पाळी आली. मी लिफ्टचा किस्सा सांगितला. सर माईक घेऊन पुढे आले आणि चाल सुरू झाली.

सगळा हॉल कोरस द्यायला लागला. एचआर मॅडम, शेजारच्या टेबलावरची मुलगी, साहेबांची सून, सगळे. आणि तिसऱ्या रांगेत आत्यानं पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि ओठांवर दाबून धरलं. तिचे डोळे मिटलेले होते. आजूबाजूला सगळे गात असताना ती एकटी तशी बसली होती, शिंक आवरल्यासारखी. पप्पांनी तिच्याकडे वळून काहीतरी विचारलं, तिनं फक्त मान हलवली.

मी बाजूला उभी होते. माझ्याही हातात पाण्याची बाटली होती, आणि ती तोंडाशी होती.

पहिली ओळ संपली तेव्हा मागून आवाज आला. दोन टाळ्या. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यानंतर आलेल्या. मला वाटलं, कुणाचा ठेका चुकला. दुसरी ओळ संपली, पुन्हा दोन टाळ्या, आता जास्त हातांच्या. सर गाता गाता गोंधळले आणि हसले. आत्यानं डोळे उघडले आणि खुर्चीत वळून मागे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. पदर मात्र तोंडावर तसाच होता. मला दिलेला शब्द तिनं टाळ्यांसाठीसुद्धा मोडला नाही.

गाणं संपलं. कागदावर पुढच्या गाण्याची पार्श्वभूमी होती. मी माईक तोंडाशी नेला, आणि मला माझाच श्वास स्पीकरमधून ऐकू आला.

"या गाण्याची आणखी एक पार्श्वभूमी आहे," मी म्हणाले. "ती नेटवर नाही."

मग मी सांगितलं. नीट नाही सांगता आलं. मनमाडचं थिएटर आधी सांगायचं ते नंतर सांगितलं, मास्तरांऐवजी एकदा चुकून 'सर' असा शब्द गेला. पण डोळे मिटून बसलेल्या मुलीचं सांगितलं, वाटून घेतलेल्या चालीचं सांगितलं. तंबूतल्या माणसांनी हिरोला चोर ठरवलं तिथं हॉल हसला. भीमगीत हा शब्द मी उच्चारला तेव्हा माझ्या गळ्यावर चट्टे उठल्याचं मला आरशाशिवाय कळलं. "आत्ता मागून दोन टाळ्या आल्या ना," मी म्हणाले, "त्या तिथल्या आहेत. मधलं म्युझिक धरणारी मुलगी माझी आत्या."

"आल्यात का आत्या?" सरांनी विचारलं. "मग गाऊ दे की त्यांना! ओरिजिनल ऐकू द्या आम्हाला!"

लोक माझ्या नजरेच्या दिशेनं वळले. आत्या पप्पांकडे बघत नव्हती, सरांकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती, पदर तोंडाशी धरून. विचारत होती.

मी होकाराची मान हलवली.

ती कराओकेशिवाय गायली. आवाज थरथरत होता, वरचा सूर लागला नाही. पहिल्याच ओळीत ते नाव आलं आणि मागच्या रांगांतून एकदम टाळ्या आल्या. अंतरा संपल्यावर ती थांबली नाही, मधलं म्युझिक तिनं तोंडानंच म्हटलं, सगळं, एकही वळण न सोडता. पुढच्या रांगेत साहेब मंद हसत होते, बक्षीस देताना हसतात तसे. एचआर मॅडमनी घड्याळ बघितलं, की बांगडी सरकवली, मला नीट कळलं नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. मला चेहरे वाचता येतात असं मी समजत होते. तो मला वाचता आला नाही.

रिक्षात आत्या पप्पांना म्हणाली, "ते सर गातेत चांगलं. पण मधल्या म्युझिकला घाई करतेत."

सोमवारी डब्याच्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं चटणी पुढे केली. रोजच्यासारखीच केली, की थोडी उशिरा केली, हे मी दिवसभर मोजत होते. "आत्या भारी आहेत तुझ्या," ती म्हणाली, आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागली. मी तिच्या बोलण्यात पुढचा प्रश्न शोधत राहिले. तो आला नाही. तो आता येणार नव्हताच.

संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. मी तो बसमध्ये बघितला. सरांचं गाणं संपतं, टाळ्या होतात, आणि लगेच शेवटचं गाणं सुरू होतं. मध्ये काहीच नाही. मी नाही, आत्या नाही. जोड इतकी साफ होती की तिथं काही होतं असं कुणाला वाटलं नसतं.

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी आलं, बरं झालं. मग पप्पांचा फोन आला. "आत्या विचारतेय, तिचा शिनेमा आला का? तिला बघायचंय. डोळे उघडे ठेवून बघणार म्हणते."

त्या ग्रुपवर मी वाढदिवसाच्या शुभेच्छांशिवाय कधी काही लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं: 'माझ्या आत्याचं गाणं यात राहिलंय. पूर्ण व्हिडिओ मिळेल का?'

एचआर मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. व्हिडिओ लांब होत होता, पण बघते हं. पुढे हसरा चेहरा. त्यानंतर कुणीच काही लिहिलं नाही.

दुपारी एका अनोळखी नंबरवरून मला एकटीला मेसेज आला. क्वालिटी विभागातल्या एकानं मागच्या रांगेतून आत्याचं गाणं आख्खं रेकॉर्ड केलं होतं. त्याच्याशी मी कधी बोलले नव्हते. व्हिडिओखाली लिहिलं होतं, 'जयभीम ताई. आमच्या आजोबांनी हे तंबूत ऐकलंय.' त्यानंही हे ग्रुपवर लिहिलं नव्हतं. का नव्हतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

मी त्याला उलट जयभीम लिहिलं. व्हिडिओ पप्पांना पाठवला. मग ग्रुप उघडला आणि तोच व्हिडिओ तिथं टाकला. पार्श्वभूमी सांगून झाली होती. मी 'माझी आत्या' एवढंच लिहिलं आणि बोट उचललं.

व्हिडिओ बघितलेल्यांच्या यादीत हळूहळू नावं वाढत गेली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा फोन थरथरला, तिनं तो उचलून बघितला. हेडफोन न लावता तिनं व्हिडिओ सुरू केला, आणि आमच्या विभागात आत्याचा आवाज आला, बारीक, फोनमधून येतो तसा. कुणी मान वर केली, कुणी केली नाही. मी माझा फोन पालथा ठेवला आणि अर्धवट राहिलेली आकृती उघडली. पहिली ओळ संपली. माझे हात माउसवर होते. दोन टाळ्यांची जागा आली आणि गेली, आणि पुढच्या ओळीच्या शेवटी मी टेबलावर बोटांनी हळूच दोनदा वाजवलं.